पोल्ट्री शेड, गोठ्यावर सोलर पॅनेल परवडतात का? कर्ज काढण्याआधी वीजबिल आणि फीडर तपासा

घराच्या छतावर तीन किलोवॅटचे सोलर बसवले, अनुदान खात्यात आले आणि वीजबिल नाममात्र झाले, असे अनुभव आता गावोगावी ऐकायला मिळतात. साहजिकच अनेकांची नजर शेतातल्या मोठ्या पत्र्याकडे वळते. पोल्ट्री शेड, गोठा, पॅकहाऊस, शीतगृह यांचे छत मोकळे असते, आजूबाजूला उंच इमारती नसतात आणि ऊनही भरपूर असते. ‘बिल शून्य, चार वर्षांत पैसे वसूल’ असे सांगणारे विक्रेतेही बांधावर येऊ लागले आहेत.

पण शेतातल्या इमारतीचे गणित घरापेक्षा वेगळे आहे. तिथे अनुदान वेगळे, वीजदर वेगळा आणि वीज येण्याच्या वेळाही वेगळ्या. एकाच गावात, एकाच मापाच्या दोन शेडवर बसवलेले सोलर एकाला पाच-सहा वर्षांत पैसे परत देते, तर दुसऱ्याच्या गळ्यात कर्जाचा हप्ता अडकवते. हा फरक नेमका कशामुळे पडतो, ते समजून घेऊ.

घरासारखे अनुदान शेडला मिळते का?

नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ‘पीएम सूर्य घर : मोफत बिजली योजना’ घरगुती ग्राहकांसाठी आहे. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८ हजार रुपये, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये केंद्राकडून मिळतात. शेतातल्या वस्तीवर राहते घर असेल आणि त्याचे मीटर घरगुती असेल, तर त्या घरासाठी ही योजना लागू होते. पोल्ट्री किंवा शीतगृहाच्या मीटरला ती लागू होत नाही.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या राज्याच्या योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. ही योजनाही विहिरी-बोअरवरच्या पंपासाठी आहे, इमारतीसाठी नाही. ‘सौर कृषी वाहिनी योजना २.०’मध्ये तर सौर प्रकल्प फीडरला जोडले जातात. शेतकऱ्याच्या छताचा तिच्याशी थेट संबंध नाही.

काही ठिकाणी ‘घरगुती मीटरवर अनुदान घ्या आणि तीच वीज शेडला वापरा’ असा सल्ला दिला जातो. तो धोक्याचा आहे. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते.

आता बिलावर काय पाहायचे?

सर्वप्रथम जोडणीचा वर्ग. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने’त एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत वीज मिळते. ज्या युनिटचे पैसेच भरावे लागत नाहीत, ते वाचवून हातात काही येत नाही. त्यामुळे शेतात फक्त असा पंप आणि एक-दोन बल्ब असतील, तर शेडवर सोलर बसवण्याचे आर्थिक कारण उरत नाही.

पोल्ट्री, हॅचरी, शीतगृह, प्री-कूलिंग, हरितगृह, अळिंबी, रोपवाटिका, रेशीम, मत्स्यशेती अशा वापरासाठी महावितरणचा ‘कृषी – इतर’ हा स्वतंत्र वर्ग आहे. इथे बिल भरावे लागते. दर पंपापेक्षा जास्त, पण साधारणपणे दुकान किंवा कारखान्यापेक्षा कमी असतो. प्रक्रिया उद्योगाची जोडणी असेल तर औद्योगिक दर लागतो. जितका दर जास्त, तितके सोलर लवकर वसूल होते. म्हणूनच शेजारच्या गावातल्या फरसाण कारखान्याला चार वर्षांत परवडलेले सोलर पोल्ट्रीलाही चार वर्षांत परवडेल, असे धरून चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बिलातली नेमकी कोणती रक्कम वाचते? स्थिर आकार किंवा मागणी आकार सोलर बसवल्यानंतरही भरावाच लागतो. वाचतात ते वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन यांसारखे युनिटमागे लागणारे पैसे. म्हणून एकूण बिलाला युनिटने भागून दर काढला, तर बचत फुगून दिसते. गेल्या १२ महिन्यांच्या बिलांतून स्थिर आकार वजा करून उरलेल्या रकमेला युनिटने भागावे. तोच आपला खरा दर.

वीज दिवसा लागते की रात्री?

पॅनेल साधारण सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत चांगली वीज देतात. इमारतीचा वापर या वेळेशी किती जुळतो, यावर बरेच काही अवलंबून आहे.

पोल्ट्री शेडमध्ये पंखे, फॉगर, कूलिंग पॅड यांचा भार उन्हाळ्यात दुपारी सर्वाधिक असतो. ऊन आणि वापर यांची वेळ इथे जुळते. मात्र लहान पिल्लांना ऊब देणारे ब्रूडर आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचे दिवे प्रामुख्याने सूर्य नसतानाच लागतात.

गोठ्यात दूध काढणी पहाटे आणि संध्याकाळी होते. मिल्किंग मशीन आणि दूध थंड करणारा कूलर यांचा मोठा वापर त्याच वेळी असतो. कुट्टी यंत्र आणि पाण्याची मोटर दुपारी चालवता येते, पण गायी दुपारी बारा वाजता पिळता येत नाहीत.

शीतगृह दिवसरात्र चालते, पण हंगामाचा फरक पडतो. वर्षभर माल असलेल्या बेदाण्याच्या शीतगृहाचे गणित वेगळे आणि जानेवारी ते एप्रिल एवढाच काळ जोरात चालणाऱ्या द्राक्षाच्या प्री-कूलिंगचे वेगळे. कांदा चाळीचे छत कितीही मोठे असले, तरी हवा खेळती ठेवण्यावर चालणाऱ्या पारंपरिक चाळीला विजेची फारशी गरजच नसते.

नेट मीटरिंगने हा फरक भरून निघतो का?

बऱ्याच अंशी निघतो. नेट मीटरिंगमध्ये दुपारची जादा वीज ग्रिडला जाते आणि रात्रीच्या वापरातून तेवढे युनिट वजा होतात. महिन्याअखेर शिल्लक राहिलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा धरले जातात. पण त्याला तीन मर्यादा आहेत.

पहिली, सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा किंवा करार मागणीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पाच किलोवॅट मंजूर भार असेल तर दहा किलोवॅट बसवण्यासाठी आधी भार वाढवावा लागतो आणि त्याबरोबर स्थिर खर्चही वाढू शकतो.

दुसरी, जमा युनिटचा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी, म्हणजे ३१ मार्चला मिटवला जातो. उरलेले युनिट महावितरण नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलपासून नवे खाते शून्यावरून सुरू होते. खरेदीचा हा दर ग्राहक भरतो त्या दरापेक्षा साधारणपणे बराच कमी असतो. शेतीत ही तारीख महत्त्वाची ठरते. मे ते डिसेंबर जमा झालेले युनिट द्राक्ष हंगामात जानेवारी ते मार्चपर्यंत वापरता येतात, पण त्याच हंगामाच्या एप्रिलमध्ये नाहीत. पोल्ट्रीचे पंखे एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक चालतात, त्यांना हिवाळ्यातली शिल्लक कामाला येत नाही. सुदैवाने उन्हाळ्यात सोलरचे उत्पादनही चांगले असते, त्यामुळे फटका काहीसा सौम्य होतो.

तिसरी, ज्यांना वेळेनुसार दर लावणारे टीओडी मीटर आहे, त्यांच्यासाठी कोणत्या वेळेतले युनिट कोणत्या वेळेच्या वापरातून वजा होणार, हे महत्त्वाचे. हे नियम आयोगाच्या दर आदेशानुसार बदलतात. त्यामुळे अर्ज करताना लागू असलेला आदेश पाहूनच हिशेब मांडावा, दोन वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्याच्या अनुभवावर नाही.

फीडरचा प्रश्न सर्वात मोठा का?

कारण बहुतेक कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखच नसतो. ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर वाहिनीत वीज असेल तरच चालतो. वीज गेली की तो आपोआप बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला उलट्या प्रवाहाचा धक्का बसू नये, यासाठी ही सोय असते. म्हणजे भर दुपारी, कडक उन्हात, पॅनेल धडधाकट असतानाही वीज नसेल तर उत्पादन शून्य.

शहरात याने फारसा फरक पडत नाही. शेतात पडतो. गावठाण फीडरवर जवळपास दिवसभर वीज असते. कृषी फीडरवर मात्र थ्री फेज पुरवठा ठरावीक तासांचा आणि अनेक ठिकाणी आलटून पालटून कधी दिवसा, कधी रात्री असतो. शेडची जोडणी अशा फीडरवर असेल, तर रात्रपाळीच्या दिवसांत थ्री फेज इन्व्हर्टर दुपारभर नुसता उभा राहतो. सौर कृषी वाहिनी योजनेतून फीडरला दिवसा वीज मिळू लागली असेल, तर ही अडचण बरीच कमी होते. लांबच लांब लाइनच्या टोकाला असलेल्या शेडमध्ये व्होल्टेज फार वर-खाली होत असेल, तरी इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो.

म्हणून सोपी चाचणी अशी : पंधरा दिवस सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत वीज किती तास होती, याची वहीत नोंद ठेवावी. शेड कोणत्या फीडरवर आहे, हे वायरमन किंवा उपकेंद्रातून कळते. सात तासांपैकी सहा-साडेसहा तास वीज असेल तर पुढे जावे. तीन-चार तासच असेल तर आधी फीडरचा प्रश्न सोडवावा.

याच कारणामुळे सोलर बसवले म्हणून जनरेटर विकता येत नाही. उन्हाळ्यात अर्धा तास पंखे बंद पडले तरी बंदिस्त शेडमधल्या पक्ष्यांचा जीव धोक्यात येतो. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घेतले तर वीज गेल्यावरही पंखे चालू ठेवता येतात, पण खर्च लक्षणीय वाढतो. तो खर्च बिल वाचवण्यासाठी निघत नाही. डिझेल आणि मरतुक वाचवण्यासाठी निघतो का, हे वेगळे मोजावे. छोट्या जनरेटरमध्ये एक लिटर डिझेलमधून साधारण तीन युनिट वीज मिळते, एवढे लक्षात घेतले तरी डिझेलच्या युनिटची किंमत कळते.

किती किलोवॅट घ्यावे?

महाराष्ट्रात एक किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे वर्षाला साधारण १,४०० युनिट देते. वर्षभराचे एकूण युनिट १,४०० ने भागले की जास्तीत जास्त लागणारी क्षमता मिळते. वर्षाला ८,४०० युनिट वापर असेल तर सहा किलोवॅट. त्याहून मोठी यंत्रणा घेतली तर जादा वीज कमी दराने विकावी लागते. ‘छत मोठे आहे, दहाऐवजी वीस बसवा’ हा सल्ला म्हणूनच तपासून घ्यावा.

हे सरासरीचे आकडे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन बरेच घटते, कोकणात आणि घाटमाथ्यावर अधिकच. मे महिन्यात ऊन कडक असले, तरी पॅनेल तापले की प्रत्येक अंशामागे उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्याने कमी होते. विदर्भात दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर मूळ क्षमतेपेक्षा १२ ते १६ टक्के वीज कमी मिळते.

पाच लाखांचा हिशेब कसा मांडायचा?

उदाहरणासाठी दहा किलोवॅटची यंत्रणा आणि किलोवॅटमागे ५० हजार रुपये खर्च धरू. एकूण पाच लाख रुपये. वर्षाला १४ हजार युनिट उत्पादन, सात रुपये वाचणारा दर, जादा युनिटला तीन रुपये आणि धुणे, दुरुस्ती, विमा यांचा वर्षाचा खर्च आठ हजार रुपये. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

• सर्व वीज स्वतःच्या वापरातून वजा झाली : बचत ९८ हजार, खर्च वजा जाता ९० हजार. पैसे वसूल व्हायला साधारण साडेपाच वर्षे.

• निम्मी वीज वापरली, निम्मी विकली : ४९ हजार अधिक २१ हजार, म्हणजे ७० हजार. खर्च वजा जाता ६२ हजार. वसुली आठ वर्षांत.

• फीडर बंद असल्याने उत्पादनच निम्मे झाले : बचत ४९ हजार, खर्च वजा जाता ४१ हजार. वसुली बारा वर्षांत. तोवर इन्व्हर्टर बदलण्याची वेळ आलेली असते.

तिन्ही ठिकाणी छत, ऊन आणि पॅनेल सारखेच आहेत.

आता कर्ज पाहू. एक लाख स्वतःचे आणि चार लाख बँकेचे, १० टक्के व्याजाने, सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिन्याला सुमारे ६,६४० रुपये, म्हणजे वर्षाला ८० हजार रुपये होतो. पहिल्या शेतकऱ्याचा हप्ता बचतीतून जाऊन वर्षाला दहा हजार उरतात. दुसऱ्याला दरवर्षी १८ हजार आणि तिसऱ्याला ३९ हजार रुपये पदरचे घालावे लागतात. कोंबडीचा दर पडलेल्या वर्षी किंवा दुधाचे पेमेंट रखडलेल्या महिन्यात हीच रक्कम जड जाते. म्हणून ‘किती वर्षांत वसूल’ यापेक्षा ‘हप्ता बचतीतून निघतो का’ हा प्रश्न आधी विचारावा.

शीतगृह, पॅकहाऊस यांसाठी कर्ज घेताना कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे तीन टक्के व्याज सवलत मिळते. प्रकल्प अहवालात सोलरचा खर्च धरता येईल का, हे बँकेला सुरुवातीलाच विचारावे. आणखी एक मुद्दा कराचा. पोल्ट्री आणि दुग्धव्यवसायाचे उत्पन्न प्राप्तिकर कायद्यात करमुक्त शेती उत्पन्न धरले जात नाही. त्यामुळे नियमित हिशेब ठेवून विवरणपत्र भरणाऱ्यांना सोलरवर ४० टक्के दराने घसारा दाखवता येतो. अनुमानित पद्धतीने कर भरणाऱ्यांना मात्र तो वेगळा मिळत नाही.

पत्रा आणि कैची पॅनेल पेलतील का?

सध्याचे साडेपाचशे वॅटचे एक पॅनेल साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि सुमारे २८ किलो वजनाचे असते. दहा किलोवॅटला अशी १८ ते १९ पॅनेल लागतात. वजनापेक्षा मोठी भीती वाऱ्याची. वारा पॅनेलखाली शिरून ते वर उचलू पाहतो. जून २०२० मधल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत पत्र्यांची काय अवस्था झाली, हे कोकणाने पाहिले आहे.

सिमेंटचे पत्रे ठिसूळ असतात. त्यांच्यावर पॅनेल टेकवणे तर दूरच, साफसफाईसाठी चढणेही जिवावर बेतते. अशा शेडवर आधार थेट कैचीवरून घ्यावा लागतो किंवा पत्रे बदलावे लागतात. लोखंडी पत्र्यावरही क्लॅम्प खालच्या पर्लिनला पकडलेले हवेत, नुसत्या पत्र्याला नकोत. पत्रा आठ-दहा वर्षांत गंजून बदलावा लागणार असेल, तर पॅनेल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च आजच धरावा. कारण पॅनेलचे आयुष्य सुमारे २५ वर्षे असते. स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून शेडची तपासणी करून लेखी दाखला घेणे, हा पाच लाखांच्या कामातला किरकोळ खर्च आहे.

पोल्ट्री शेड बहुधा पूर्व-पश्चिम लांबीची बांधलेली असतात. त्यामुळे छताचा एक उतार आपोआप दक्षिणेकडे मिळतो, जो पॅनेलसाठी सर्वात चांगला. पण कोंबड्यांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया आणि पिसांची धूळ त्रासदायक ठरते. अमोनियाच्या वातावरणासाठी ‘आयईसी ६२७१६’ ही चाचणी उत्तीर्ण झालेली पॅनेल घ्यावीत. समुद्रकाठी मिठाच्या हवेसाठी ‘आयईसी ६१७०१’ पाहावे. इन्व्हर्टर शेडच्या आत बसवू नये. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतले तर काचेवर पांढरा थर बसतो, म्हणून शक्यतो मऊ पाणी वापरावे.

कोटेशन हातात आल्यावर काय विचारावे?

• वर्षाला किमान किती युनिटची हमी आणि ती न मिळाल्यास काय?
• नेट मीटरचा अर्ज, तपासणी आणि मीटरचा खर्च किमतीत धरला आहे का?
• डीपीवर जागा आहे का? एका रोहित्रावर त्याच्या क्षमतेच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंतच सोलर जोडता येते. ६३ केव्हीएच्या डीपीवर ही मर्यादा ४४ केव्हीएच्या आसपास येते. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनंतर तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट नाही.
• अर्थिंग आणि वीज पडण्यापासून संरक्षण देणारी यंत्रणा आहे का? माळावरच्या एकट्या शेडला ती हवीच.
• जीएसटी कोणत्या दराने? सौर उपकरणांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या दराचे कोटेशन असेल तर नवे मागावे.
• इन्व्हर्टर बिघडला तर दुरुस्तीला माणूस किती दिवसांत आणि कोठून येणार?

मग निर्णय काय?

वर्षभर बिल भरावे लागते, वापरातला बराचसा भाग दिवसा होतो, दुपारी वीज जात नाही आणि शेड पक्के आहे, अशा पोल्ट्री, शीतगृह किंवा पॅकहाऊससाठी सोलर चांगली गुंतवणूक आहे. गोठ्यासाठी ती नेट मीटरिंग मिळाले तरच जमते. अशा वेळी सुरुवात गरजेएवढ्या छोट्या क्षमतेने करावी. मंजूर भारात जागा असेल तर पुढे वाढवता येते.

वापर केवळ हंगामी असेल, शेड कृषी फीडरवर रात्रपाळीत अडकले असेल किंवा पत्रे बदलायला आले असतील, तर थांबणे शहाणपणाचे. त्या काळात जुने पंखे आणि मोटर बदलून, कुट्टी आणि पाणी दुपारी घेऊन बिल कमी करता येते. त्यासाठी जमीन तारण ठेवावी लागत नाही.

निर्णयासाठी तीन कागद पुरेसे आहेत : बारा महिन्यांची बिले, पंधरा दिवसांच्या वीजपुरवठ्याची नोंद आणि शेडच्या मजबुतीचा दाखला. विक्रेत्याच्या माहितीपत्रकाआधी हे तीन कागद टेबलावर असले, की दहा किलोवॅट घ्यायचे, पाच घ्यायचे की यंदा थांबायचे, हे शेतकऱ्याला स्वतःच ठरवता येते.